सीताफळ मूळचे कुठले?

आश्विन लागला की जबलपूरच्या गोरखपूर बाजारात दोन फळे शेजारी शेजारी दिसू लागतात. हातगाड्यांवर सफरचंदांचे मनोरे उभे असतात, एकेक फळ फोमच्या जाळीत आणि वर छोटी चिकटपट्टी. गाड्यांच्या मधल्या जागेत, पोते अंथरून बसलेल्या बायकांसमोर टोपल्यांत पाल्यावर मांडलेली सीताफळे. सफरचंद काश्मीर-हिमाचलहून आलेले असते आणि अजून कित्येक दिवस टिकणार असते. सीताफळ सिवनीकडच्या डोंगरातून काल-परवा आलेले असते आणि उद्यापर्यंत खाल्ले नाही तर टाकून द्यावे लागते. इंग्रजांनी मात्र दोघांना एकाच आडनावाने हाक मारली : एक ॲपल, दुसरे कस्टर्ड ॲपल. खरे पाहता वनस्पतिशास्त्रात या दोघांचे दूरचेही नाते नाही.

बाजारात कोणालाही विचारा, सफरचंद बाहेरचे आणि सीताफळ आपले, हेच उत्तर मिळेल. नावातच सीता आहे, आणखी पुरावा कसला हवा? पण या फळाच्या मूळगावावरून दीडशे वर्षे वाद चालू आहे आणि तो अजून पूर्णपणे मिटलेला नाही. त्यातले काही महत्त्वाचे पुरावे जबलपूरवरून जाणाऱ्या एकाच जुन्या रस्त्याच्या आसपास सापडलेले आहेत. मूळगावाचा प्रश्न गोरखपुरातल्या मराठी माणसाला चांगलाच ओळखीचा असतो. इथे पिढ्या गेल्या तरी शेजारी कधीतरी विचारतोच, “वैसे आप लोग हैं कहाँ के?” आणि पुण्याला गेले की तिथले लोक आमचे मराठी ऐकून तोच प्रश्न विचारतात. म्हणून सीताफळाच्या वादाकडे मी थोड्या आपुलकीने पाहत आलो आहे.

वाद समजून घेण्याआधी फळाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे, कारण पुढचे बरेचसे त्या स्वभावातूनच घडले आहे.

सीताफळाचे झाड म्हणावे तर लहान, झुडूप म्हणावे तर मोठे. उन्हाळ्यात त्याची पाने झडतात आणि खडकाळ उतारावर ते वाळून गेल्यासारखे उभे असते. मग पावसाच्या तोंडावर नवी पालवी फुटते आणि पालवीबरोबर कळ्या येतात. फूल हिरवट, जाड तीन पाकळ्यांचे, खाली मान घातलेले. सांगितल्याशिवाय ते फूल आहे हे कळायचे नाही. या फुलात मादीचा भाग आधी तयार होतो आणि पराग नंतर सुटतो, त्यामुळे फुलाला स्वतःच्याच परागाचा उपयोग क्वचित होतो. एका फुलाचा पराग दुसऱ्यात नेण्याचे काम बारीक भुंगेरे करतात. म्हणूनच झाड फुलांनी भरते तरी फळे मोजकीच धरतात. आणि ज्याला आपण एक फळ म्हणतो ते खरे म्हणजे अनेक फळांचा गोळा असतो. एकाच फुलातल्या पुष्कळ स्त्रीकेसरांपासून झालेली पुष्कळ लहान फळे एकमेकांना चिकटून वाढतात, आणि सालीवरचा एकेक ‘डोळा’ म्हणजे त्यांपैकी एकेक. डोळ्यांमधल्या खाचा रुंदावून पिवळसर पांढऱ्या दिसू लागल्या की ‘डोळे उघडले’ म्हणतात. फळ तोडायची ती वेळ. तोडल्यावर दोन-चार दिवसांत ते मऊ पडते आणि मग डोळ्याडोळ्यांतून उलते. आत रवाळ पांढरा गर आणि गराच्या बहुतेक कुड्यांत एकेक काळी, चकचकीत, दगडासारखी बी.

या स्वभावातल्या तीन गोष्टी इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली, त्याची पाने शेळीसुद्धा खात नाही. ज्या माळावर बाकी सारे रोप जनावरांच्या तोंडी जाते तिथे सीताफळ कुंपणाशिवाय वाढते. दुसरी, त्याला पाणी आणि माती फार लागत नाही. मुरूम आणि दगडांच्या फटी त्याला पुरतात. खाणाऱ्याने थुंकलेली बी तिथेच रुजते आणि तिचे झाड बरेचसे आईवर जाते. तिसरी गोष्ट म्हणजे पिकलेल्या फळाला दूरचा प्रवास सोसत नाही. धक्का लागला की ते फुटते, थंड पेटीत ठेवले तर साल काळी पडते. म्हणजे फळाने आपल्या जागीच राहायचे आणि बीने मात्र हवे तिथे जायचे, अशी या झाडाची रीत आहे.

सफरचंदाची रीत नेमकी उलटी आहे. सफरचंदाच्या बीपासून उगवलेले झाड आईसारखे फळ देईल याचा भरवसा नसतो. म्हणून आवडलेले वाण टिकवायचे तर त्याची काडी दुसऱ्या झाडावर बांधून कलमच करावे लागते. काश्मीरचे जुने अंबरी सफरचंद असेच माणसांच्या हातांनी पिढ्यानपिढ्या पुढे आले. सुगंधी, कुरकुरीत, शरदात पिकणारे आणि घरात ठेवले तरी दीर्घकाळ टिकणारे हे फळ पुढे परदेशी डेलिशस वाणांच्या लाटेत मागे पडले. अंबरीचे प्रत्येक झाड कोणीतरी मुद्दाम लावलेले असते. सीताफळाची डोंगरावरची झाडे बहुतेक कोणी लावलेली नसतात. वारसा दोन्हींकडे आहे, पण एकीकडे त्याला माळी आहे आणि दुसरीकडे नाही. सीताफळाच्या मूळगावाचा वाद अवघड झाला तो यामुळे. लावलेल्या झाडाची कुठेतरी नोंद सापडते, रानात उगवलेल्याची सापडत नाही.

आता तो रस्ता. इंग्रजी अमदानीत ज्याला ग्रेट डेक्कन रोड म्हणत तो गंगाकाठच्या मिर्झापूरहून निघून जबलपूर, सिवनी करीत नागपूरला उतरत असे. उत्तर आणि दक्खन यांना जोडणारी ती मोठी वाट होती. मराठ्यांचा इथला इतिहासही याच मुलखात घडला. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे गोंड राज्य सागरच्या मराठ्यांकडे गेले, १७९८ मध्ये हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांना मिळाला आणि डिसेंबर १८१७ मध्ये जबलपूर इंग्रजांनी घेतले. पुढे १८७० मध्ये मुंबईकडून आलेली आणि कलकत्त्याकडून आलेली आगगाडी जबलपूरला एकमेकींना मिळाल्या, आणि उत्खनन करणाऱ्या साहेबांना या भागात फिरणे सोपे झाले.

नोव्हेंबर १८७३ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम सतन्याजवळच्या भारहुत गावी पोहोचले. तिथे इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या बौद्ध स्तूपाचे अवशेष होते. विटा गावकऱ्यांनी घरांसाठी नेलेल्या होत्या, पण दगडी कठड्याचा बराच भाग मातीखाली शाबूत होता. त्या कठड्याच्या माथ्यावर एक नागमोडी वेल धावते आणि तिच्या वळणांमध्ये जातककथांचे प्रसंग, दागिने आणि फळे कोरलेली आहेत. त्यांतले एक फळ खवल्याखवल्यांचे, डोळ्याडोळ्यांचे. कनिंगहॅमना ते सीताफळ वाटले. मथुरेला सापडलेल्या शिल्पांतही त्यांना तेच दिसले. त्याच सुमारास मुंबईच्या कलाशाळेतले विद्यार्थी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करीत होते. त्या नकला पाहून जॉर्ज बर्डवुड यांनी १८७४ मध्ये लिहिले की छतावरच्या चित्रांतही हे फळ आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत वर मान करून पाहणाऱ्या मराठी माणसाला आजही ते पटते. हिरवट, खवल्यांचे, पानांत बसलेले ते फळ पाहून आपल्या तोंडून आपोआप ‘सीताफळ’ निघते.

कनिंगहॅम यांनी भारहुतच्या स्तूपावरचा ग्रंथ १८७९ मध्ये प्रसिद्ध केला. पोर्तुगीजांनी हे फळ आणले हे त्यांनी नाकारले नाही. त्यांचे म्हणणे इतकेच की जे इथे आधीपासून होते तेच त्यांनी पुन्हा आणले. देशात ठिकठिकाणी रानटी सीताफळांचे पट्टेच्या पट्टे आपण पाहिले आहेत, आणि फळाला ‘आता’ हे देशी नाव असून ते संस्कृत ‘आतृप्य’ वरून आले आहे, असे दोन आधार त्यांनी पुढे केले. ‘आतृप्य’ हा शब्द राजा राधाकांत देव यांच्या संस्कृत कोशात आहे हे खरे. पण मॅक्स म्युल्लर यांना तो जुन्या संस्कृतातला वाटला नाही. नव्या वस्तूला पंडितांनी मागाहून शिवलेला संस्कृत सदरा, असे त्यांचे मत होते.

कनिंगहॅम यांना सर्वांत नेटके उत्तर मिळाले ते हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या कोशात. अँग्लो-इंडियन शब्दांच्या या कोशात एका फळाच्या नावाखाली त्यांनी जवळजवळ खटलाच चालवला आहे, आणि तोही साक्षीदारांच्या मौनावर. बाबराने १५३० च्या सुमारास हिंदुस्थानच्या फळांचे वर्णन केले, त्यात हे फळ नाही. गार्सिया द ओर्ता गोव्यात अनेक वर्षे राहिला आणि १५६३ मध्ये त्याने इथल्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ छापला. आंबा, फणस, नारळ सर्व त्यात आहेत, सीताफळ नाही. लिन्सखोटेन आणि पिएत्रो देल्ला व्हाल्ले यांच्याकडेही नाही. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त ते आहे असे वाटत होते, कारण ब्लॉखमन यांच्या इंग्रजी भाषांतरात गोड फळांच्या यादीत कस्टर्ड ॲपल येते. यूल-बर्नेलांनी मूळ फारसी काढून पाहिले, तर तिथे शब्द होता ‘सदाफल’. म्हणजे बारमाही फळ. हे नाव निरनिराळ्या झाडांना लावले जाई, त्यात सीताफळ नव्हते. भाषांतरकाराच्या एका शब्दाने अकबराच्या ताटात एक जास्तीचे फळ वाढले होते. पुढे १६७२ मध्ये छापलेल्या एका इटालियन पाद्र्याच्या प्रवासवर्णनात मात्र या कुळातली दोन फळे सर्वत्र आढळतात असे लिहिलेले सापडते. मौन संपले ते साधारण सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि सतराव्याचा मध्य यांच्या दरम्यान कुठेतरी.

नावांची साक्ष याहून बोलकी आहे. बंगालीत सीताफळाला ‘आता’ आणि रामफळाला ‘नोना’ म्हणतात. मलयाळीत ‘आत्ता’. फिलिपाइन्समध्ये ‘आतिस’. मेक्सिकोतल्या वनस्पतींवरच्या जुन्या ग्रंथात याच फळाचे नाव ‘आहाते’ किंवा ‘आते’ असे आहे. मेक्सिकोचे आकापुल्को आणि फिलिपाइन्सचे मनिला यांच्यामध्ये १५६५ पासून अडीचशे वर्षे स्पॅनिश गलबते ये-जा करीत होती. मलबारच्या वनस्पतींवरचा डच ग्रंथ ‘हॉर्टुस मलाबारिकुस’ सांगतो की तिथले लोक सीताफळाला ‘मनिलाचा फणस’ आणि रामफळाला ‘फिरंगी फणस’ असेही म्हणत. यावरून यूल-बर्नेलांनी काढलेला निष्कर्ष सुंदर आहे. नवरा-बायकोच्या नावाने ओळखली जाणारी ही दोन फळे वेगवेगळ्या वाटांनी आली असावीत. सीताफळ ‘आता’ हे नाव घेऊन मेक्सिकोहून फिलिपाइन्समार्गे पूर्वेकडून आले, आणि रामफळ ‘अनोना’ हे नाव घेऊन वेस्ट इंडीजकडून आफ्रिकेला वळसा घालून पश्चिमेकडून आले.

रानात आढळते म्हणून देशी, हा कनिंगहॅम यांचा मुद्दाही टिकला नाही. पिवळा धोत्रा अमेरिकेतला आहे, पण आज आपल्या प्रत्येक पडीक रानात तो आहे. काजू तर नावासकट ब्राझीलहून आला आणि कोकणात त्याची जंगले झाली. वनस्पतिशास्त्रज्ञांचा मुद्दा सर्वांत साधा होता. अनोना कुळातल्या ढीगभर जाती अमेरिकेत आहेत, काही आफ्रिकेत आहेत, आशियाची स्वतःची मात्र एकही नाही. एकच भाऊ परदेशी आणि बाकी सगळे कुटुंब दुसऱ्या खंडात, असे असेल तर घर कुठे आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. मग भारहुत आणि अजिंठ्याचे फळ कोणते? फणस, असे पुष्कळांना वाटते. फणसालाही खवले असतात, आणि दगडात कोरताना आकाराचे प्रमाण कलाकाराच्या हातात असते. ‘हॉब्सन-जॉब्सन’च्या संपादकांनीही प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे की ते फळ सीताफळासारखे दिसते, फक्त फारच मोठे.

वाद इथे संपला असता. पण २००९ मध्ये त्याच जुन्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडून नवी बातमी आली. मिर्झापूर जिल्ह्यात बेलन आणि अदवा या नद्यांच्या संगमावर टोकवा नावाचे नवाश्मयुगीन वसतिस्थान आहे. तिथल्या उत्खननात मिळालेल्या जळक्या बियांत अनिल पोखरिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सीताफळाची बी ओळखता आली. तिचे कार्बन-मापन केले, तर काळ निघाला इ.स.पू. १५२० च्या सुमाराचा. कोलंबसाच्या तीन हजार वर्षे आधी गंगेच्या खोऱ्यात सीताफळ!

ही बातमी कनिंगहॅम यांचा विजय म्हणून वाचण्याचा मोह होतो, पण शोधनिबंध तसे म्हणत नाही. त्याच्या मथळ्यातच शक्यता मांडली आहे ती कोलंबसपूर्व समुद्रपार प्रवासांची. म्हणजे बीचा काळ आणि ओळख दोन्ही निःशंक मानली तरी फळ अमेरिकेचेच राहते, फक्त ते फार आधी आले असे होते. एका जळक्या बीवर महासागर ओलांडणाऱ्या प्रवासाचे ओझे पेलेल का? मधल्या तीन हजार वर्षांत एवढे गोड फळ एकाही काव्यात, वैद्यकग्रंथात, प्रवासवर्णनात ठामपणे का येत नाही? आंब्यावर लिहिताना न थकणाऱ्या कवींनी याच्याकडे पाहिलेच नाही काय? मला स्वतःला यूल-बर्नेलांची बाजू अजून जड वाटते. तरी भारहुतची शिळा आणि टोकव्याची बी यांनी दार थोडे किलकिले ठेवले आहे, हेही मान्य केले पाहिजे.

पण मग सीता कुठून आली? अमेरिकेहून आलेली बाकीची मंडळी आपापली नावे घेऊन आली. अननस, काजू, पपई, बटाटा, तंबाखू या शब्दांत आजही परदेशी उच्चार ऐकू येतो. पेरूच्या नावातही परदेशाचा वास आहे. हे सगळे बंदरात उतरले, बागेत लागले, बाजारात विकले गेले. विकणाऱ्याने नाव सांगितले, घेणाऱ्याने ते घेतले. सीताफळाचे दक्खनच्या पठारावर तसे झाले नसावे. त्याच्या स्वभावामुळे बी माणसांच्या पुढे धावली. डोंगरातल्या माणसाला ते विक्रेत्याच्या टोपलीत भेटण्याऐवजी एखाद्या उतारावर भेटले असेल, आणि तिथे नाव सांगायला कोणी नव्हते. मग जे रानात मिळते त्याला मराठी माणूस ज्या पद्धतीने नाव देतो तसेच याला दिले. आपल्याकडे डोंगरातला पाण्याचा खळगा ‘सीतेची न्हाणी’ असतो, पंचवटीतली गुंफा सीतेची असते. रानात एकटी राहिलेली, रानाने सांभाळलेली बाई म्हणजे सीता. ज्याला कोणी पाणी घातले नाही, कुंपण केले नाही, तरी जे गोड झाले, ते तिचे फळ. एकदा सीताफळ झाले की थोराड, वसंतात रामनवमीच्या आसपास पिकणारे भावंड रामफळ होणारच. पुढे लक्ष्मणफळ आणि हनुमानफळ अशी सगळी पंचवटीच भरली.

या नावाच्याही सीमा आहेत. उत्तरेत त्याला ‘शरीफा’ म्हणतात, म्हणजे खानदानी. दिल्लीच्या भाजीबाजारात ‘सीताफल’ मागितले तर भोपळा हातात पडतो. जबलपूरला मात्र सीताफल म्हणजे हेच फळ. नर्मदेकाठच्या हिंदीत आणि मराठीत या एका शब्दापुरता फक्त एका ‘ळ’चा फरक आहे.

रानातल्या या फळाने माणसांना जगवलेही आहे. दक्षिण भारतीयांच्या आहारावर १८६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रजी पुस्तकात दक्खनची जंगले सीताफळांनी भरलेली आहेत आणि हैदराबादच्या मुलखात दुष्काळात अनेकांचे प्राण या रानटी फळाने वाचले, अशी नोंद आहे. त्या वेळी हैदराबादच्या मुलखात बीड, धारूर, अंबाजोगाई ही बालाघाटाच्या डोंगररांगेतली गावेही होती. आज तीच सीताफळासाठी ओळखली जातात. अंबाजोगाईला सीताफळाचे संशोधन केंद्र आहे. तिथून निघालेला एक वाण ‘धारूर-६’ या नावाने डोंगराचे गाव अजून मिरवतो. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाचा कायदा वस्तूच्या उगमाचा पुरावा मागतो, आणि बीडने तो दिला. वनस्पतिशास्त्र म्हणते उगम अमेरिकेत, कायदा म्हणतो उगम बीडला. मला यात विसंगती वाटत नाही. पहिला उगम जातीचा आहे आणि दुसरा चवीचा. त्या मुरमाने, त्या कोरड्या हवेने आणि कितीतरी पिढ्यांच्या तोंडून थुंकल्या गेलेल्या बियांनी ती चव घडवली आहे, आणि हे काम वेस्ट इंडीजमध्ये झालेले नाही.

जे काही पणाला लागले आहे ते याच चवीच्या बाबतीत. गेल्या काही दशकांत सीताफळ डोंगरावरून शेतात उतरले. तेलंगणातल्या बालानगरचे वाण सर्वत्र गेले. बंगळूरच्या फळसंशोधन संस्थेने ‘अर्का सहन’ हा संकर काढला. त्यात हनुमानफळाचे, म्हणजे पुन्हा अमेरिकेचेच, रक्त आहे. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याचे नवनाथ कसपटे यांनी आपल्या शेतातल्या निवडीतून ‘एनएमके-१ गोल्डन’ हे वाण पुढे आणले. फळ मोठे, सोनेरी, बिया कमी, पिकल्यावर लवकर न उलणारे. कोरडवाहू शेतकऱ्याला या वाणांनी खरोखर पैसा दिला आहे आणि ज्याने दुष्काळात बाग जगवली त्याला जुन्या चवीची प्रवचने देण्यात अर्थ नाही. पण नवे वाण कलमानेच टिकते. सीताफळही आता सफरचंदाच्या रीतीने जगू लागले आहे. प्रवासाला घाबरणारे फळ प्रवासाला तयार झाले. ज्या तीन गोष्टींनी त्याला रानाचे केले होते त्यांपैकी एकेक कमी होत आहे.

डोंगरावरचे जुने फळ लहान असते, शंभर-दीडशे ग्रॅमचे. त्यात गरापेक्षा बियाच जास्त, अशी तक्रार पूर्वीपासून आहे. त्याला पिठ्या ढेकूण लागतो आणि ते एक दिवस उशिरा तोडले की पाखरांचे होते. पण त्यात रवाळपणा असतो, आणि प्रत्येक उताराची चव थोडी वेगळी लागते, कारण बीपासून आलेले प्रत्येक झाड आपल्या आईचे थोडेसे वेगळे मूल असते. कलमांच्या बागेत हजार झाडे एकाच झाडाच्या प्रती असतात. रोग आला, हवा बदलली, तर लागणारे वेगळेपण डोंगरावर साठवलेले आहे. त्याची नोंद कोणाच्या नावावर नाही आणि बाजारात त्याला भाव कमी आहे. डोंगर खाणीसाठी फुटला किंवा उतारावर वस्ती चढली, तर एखादे वाण गेले हे कळणारसुद्धा नाही, कारण त्याला नावच नव्हते.

गोरखपूरला लागून हाऊबाग नावाचे स्टेशन होते. तिथून छोट्या रुळांची गाडी नर्मदा ओलांडून नैनपूरला, पुढे बालाघाट-गोंदियाला जायची, आणि नैनपूरहून एक फाटा सिवनी-छिंदवाड्याकडे. गोंदियाला उतरले की मराठी मुलूख सुरू होई, म्हणून आमच्यासाठी ती माहेरची गाडी होती. दिवाळीच्या आधी तिच्या डब्यात पाय ठेवायला जागा नसायची, आणि बाकांखाली पळसाच्या पानांनी झाकलेल्या टोपल्यांतून सीताफळांचा वास यायचा. एवढ्या हळू चालणाऱ्या गाडीत ते फळ सुखरूप पोहोचत असे. २०१५ मध्ये ती गाडी बंद झाली आणि मोठे रूळ पडले. आता सिवनीकडचे सीताफळ मुख्यतः रस्त्याने येते, जुन्या डेक्कन रोडच्याच वाटेने, छपारा-लखनादौन-धूमा करीत.

गेल्या कार्तिकात गोरखपूरच्या बाजारात मी एका बाईसमोर बसलो आणि सवयीने विचारले, “कहाँ का है?” तिने एका टोपलीकडे बोट दाखवून सांगितले, “ये छपारा का.” दुसऱ्या टोपलीकडे दाखवून म्हणाली, “और ये खेत का, कलम वाला. बड़ा है, पर आप वो वाला लो.” मी डोंगरावरचे दोन किलो घेतले. घरी बसून खाल्ले आणि बिया दरवर्षीप्रमाणे मागच्या भिंतीपलीकडे, खडकाळ पडीक जागेत टाकल्या. तिथे आता चार झाडे आहेत. ती कोणी लावली, असे कोणी विचारले तर मला नीट उत्तर देता येणार नाही.